कादंबरी स्वतः छापली, आता ती विकत बसायचं का घरात लक्ष द्यायचं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. पहिली कादंबरी स्वतःच्या खर्चाने छापलीत, ५०० प्रती काढल्या, निम्म्याहून जास्त अजून दिवाणात पडून आहेत, सातपूरला नोकरी, शिफ्ट बदलती, घरात दोन लहान पोरं, आणि रात्री जेवण उरकलं की तुम्ही मोबाईल घेऊन गॅलरीत जाता ते अकरा-साडेअकराला आत येता, पोस्ट टाकणं, कमेंटला उत्तरं, रील, हे सगळं. मिसेस म्हणतात की लिहीत होतात तेव्हा निदान घरात तरी दिसायचात. तर रोज किती वेळ प्रमोशनला द्यावा म्हणजे पुस्तकही खपेल आणि घरचेही नाराज होणार नाहीत, आणि डिसेंबरात पुण्याला पुस्तक महोत्सवात स्टॉल घ्यावा का, असे तुमचे दोन प्रश्न.

मीही नाशकातच, इंदिरानगरला राहते, चार कादंबऱ्या स्वतः काढल्यात, पहिली आली तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती बारावीला आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात, मिस्टर अंबडला कंपनीत. त्यामुळे तुमच्या घरात काय चालू असेल ते मला न सांगता कळतंय. आणि एक गंमत सांगू का, लिहिणारी बाई असली की ती गॅलरीत जातच नाही, कारण ओटा आवरायचा राहिलेला असतो. माझी कमी वेळाची पद्धत त्यातनंच बसली, हौसेने वगैरे नाही.

तर रोज किती वेळ याचं माझं उत्तर म्हणजे रोज अजिबात नाही. वर्षातले दोन हंगाम धरा, त्या दोन हंगामात घरच्यांना सांगून, तारखा ठरवून, झटून काम करा आणि बाकीचे महिने पुस्तकाचं नावसुद्धा काढू नका. आपल्याकडे निफाड-दिंडोरीला द्राक्षबागेची छाटणी वर्षातनं दोनदाच होते, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची, रोज कात्री घेऊन कोणी बागेत फिरत नाही, तसंच हे.

रोज पोस्ट टाका, रोज दिसत राहा, हा सल्ला आला कुठून ते बघा. तो इंग्रजी ई-बुकच्या बाजारातला आहे. तिथे पुस्तक ऑनलाइन दुकानात असतं, पहिल्या काही आठवड्यांत यादीत वर गेलं तर अजून लोकांना दिसतं, म्हणून तिकडचे लेखक लाँचच्या आसपास जिवाचं रान करतात आणि त्यांचं त्यांना बरोबरच आहे. मराठी छापील कादंबरीचं गणित वेगळं आहे हो. आपला वाचक कुणीतरी सांगितलं म्हणून घेतो, दिवाळीत बोनस झाला म्हणून घेतो, नाहीतर घेतच नाही, वाचनालयातनं आणतो. आणि वाचनालय तुमची रील बघून पुस्तक घेत नाही. म्हणजे रात्रीचे दोन तास तुम्ही जिथे घालवताय तिथे गिऱ्हाईक फारसं नाहीच, तिथे बहुतेक तुमच्यासारखेच दुसरे लेखक बसलेत आणि ते तुमच्या पोस्टला लाईक देतात म्हणजे तुम्ही त्यांच्या पोस्टला द्यावा.

पहिला हंगाम म्हणजे ऑक्टोबर. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, शाळा, कॉलेज, सोसायट्या सगळीकडे कोणीतरी बोलायला माणूस शोधत असतं, दिवाळी अंकांची बोलणी चालू असतात, लोक पुस्तकांच्या मूडमध्ये असतात. पण हा हंगाम वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस बंद करायचा म्हणजे करायचाच. कारण त्यानंतर घरात फराळ, साफसफाई, पोरांचे कपडे, आणि त्या आठवड्यात तुम्ही पार्सलचं बोलायला लागलात तर जे ऐकावं लागेल त्याला मी जबाबदार नाही. दुसरा हंगाम जानेवारी अखेरपासून २७ फेब्रुवारीपर्यंत. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि नाशिकमध्ये तर तो घरचा सण असल्यासारखा असतो. त्याला लागूनच मार्चअखेर, तेव्हा वाचनालयांची खरेदी आणि हिशोबांची घाई. पोरांच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत तुम्ही मोकळे.

वाचनालयांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खरी विक्री इथे आहे आणि नवीन लेखक इथेच जात नाहीत. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी, अ ब क ड अशा वर्गांत. सगळी काही तुमचं पुस्तक घेणार नाहीत, पण नाशिक जिल्ह्यातलीच धरलीत तरी वर्षभराचं काम आहे. आपल्या सावानाचंच (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बघा, १८४० सालचं वाचनालय, पण सुरुवात तिथून करू नका, आधी तालुक्याची गावं घ्या, सिन्नर, निफाड, चांदवड, येवला.

ग्रंथपालाच्या टेबलापाशी काय होतं ते सांगते म्हणजे तुम्ही तयारीनिशी जाल. तो कव्हरकडे फार बघत नाही. पुस्तक मधोमध उघडतो आणि अंगठ्याने दाबतो, बाइंडिंगचा कट्ट आवाज आला की तुमचं अर्धं काम बिघडलं, कारण त्याच्याकडे ते पुस्तक चाळीस हातांतनं जायचं असतं. मग मलपृष्ठावर किंमत आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बघतो. मग विचारतो, सूट किती, आणि पक्कं बिल देता ना. काही जण विचारतात शासनाच्या निवड यादीत आहे का. नसेल तर नाही म्हणून सांगा, ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक पाठवायचं ते पाठवून ठेवा, पुढचं त्यांच्या हातात. कथेबद्दल एकच प्रश्न येतो, विषय काय, आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर द्यायचं असतं, तिथे लेखक अर्धा तास बोलत बसतात आणि मागे वाचक पुस्तक बदलायला ताटकळत उभे. दोन वाक्यं घरी पाठ करून जा. मिसेसना म्हणून दाखवा, त्यांना कळलं तर ग्रंथपालाला कळेल.

आता यात घर कुठे बसतं? सिन्नरला शनिवारी जायचं तर सगळे मिळून जा, वाचनालयात अर्धा तास, बाकी वेळ गोंदेश्वराचं देऊळ, पोरांना ओट्यावर पळायला मोकळी जागा, येताना काहीतरी खाऊन घरी. येवल्याचं नाव काढलं की आमच्या सासूबाई आपणहून पिशवी घेऊन तयार, पैठणी घ्यायची नसली तरी बघायची असते. पण हे हंगामातनं एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक ट्रिपमध्ये पुस्तकाचं खोकं डिकीत दिसायला लागलं की पोरांच्या लगेच लक्षात येतं की आपल्याला कशासाठी आणलंय, मग ती यायची बंद होतात.

आणि आता जे सांगते ते जरा कडक आहे. घरच्यांना फुकटचा स्टाफ समजू नका. बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर तिला तुमची लिंक टाकायला लावणं, मेव्हण्याला दहा प्रती खपव म्हणून देणं, आईला देवळातल्या बायकांना सांग म्हणणं, हे सगळं भिडेखातर होतं आणि भीड ही भिकेची बहीण. नातेवाईक एकदा घेतात, दोनशे रुपये म्हणजे काही फार नाही, पण पुढच्या वेळी तुम्ही दिसलात की विषय बदलतात. आमच्या ओळखीतले एक लेखक आहेत, गंगापूर रोडला लॉन्सवर लग्न होतं, बायको चांगली काठापदराची साडी नेसून स्टेजच्या रांगेत आहेराचं पाकीट हातात धरून उभी, आणि हे एकेका पाहुण्याला पार्किंगमध्ये नेऊन डिकी उघडून पुस्तक दाखवतायत. रांग पुढे सरकली, तिचा नंबर आला, फोटोवाला म्हणाला साहेब कुठेत, आणि ती एकटीच फोटोला उभी राहिली. त्या फोटोवरनं त्यांच्या घरात अजून बोलणं होतं. पुस्तकं मात्र त्या दिवशी बरीच खपली म्हणे, तेही खरं. पण मी हे कधी करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

घरातल्या कोणाला खरंच आवड असेल तर त्याला कामाचे पैसे द्या. माझी मुलगी सहावी-सातवीत असल्यापासून पार्सल बांधायची, एका पार्सलला दहा रुपये ठरलेले, पत्त्याचा पिनकोड चुकला तर त्याचे कट. आधी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंना खोक्याचा पुठ्ठा कापून, मग खाकी कागद, कोपऱ्यांना दुहेरी टेप. कोपरे दुमडलेलं पुस्तक मिळालं की वाचक फोटो काढून पाठवतो, म्हणून कोपरे महत्त्वाचे. डायनिंग टेबलवर टेपचे चिकट डाग राहायला लागले तेव्हा सासूबाईंनी एक जुना पाट दिला, तेव्हापासून सगळं पाटावर. पोरांना रीलमध्ये मात्र आणू नका, बाबांचं पुस्तक घ्या असं बोलायला लावून तर नाहीच नाही.

पार्सल आठवड्यातनं एकाच दिवशी. आमचा शनिवार. वाचकाला आधीच सांगायचं की शुक्रवारपर्यंत पैसे आले तर शनिवारी पोस्टात पडेल, कोणीही तक्रार करत नाही, कादंबरी म्हणजे काही औषध नाही. पोस्टाची रजिस्टर्ड बुकपोस्टची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा आम्हा सगळ्यांची पंचाईत झाली होती, मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, ट्रॅकिंग मिळतं, पण जमिनीवरनं जातं म्हणून वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिरातीची पत्रकं कोंबायची नाहीत. काउंटरवर एकदा नीट विचारून घ्या, सगळ्या पोस्टांत सारखी माहिती असतेच असं नाही.

मोबाईलचं म्हणाल तर दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. त्यात अवे मेसेज लावता येतो, संध्याकाळी सातनंतर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं की ऑर्डर मिळाली, शनिवारी बघतो, सोबत किंमत आणि यूपीआयची माहिती. ते सिम जुन्या फोनमध्ये टाका आणि फोन कपाटात. रील आणि पोस्ट करायच्याच असतील तर हंगामाच्या आधी एका रविवारी दुपारी सगळ्या बनवून ठेवा आणि फेसबुक-इन्स्टाला तारखा लावून शेड्यूल करा, ती सोय फुकट आहे. पैसे देऊन जाहिरात करायची तर शेवटची तारीख टाकल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर कार्डमधनं पैसे जात राहतात आणि ते कळतं बायकोला, मेसेज तिच्या मोबाईलवर येतो म्हणून.

आता पैशावर येते, कारण भांडण वेळेवरनं होतंय असं वाटतं पण माझा अनुभव असा की आत खरं दुखणं पैशाचं असतं. घरातनं किती गेले आणि किती आले हे बायकोला माहीतच नसतं, तिला फक्त दिवाणातले गठ्ठे दिसतात, आणि आता पावसाळ्यात दिवाणाला ओल धरली की अजूनच चिडचिड (ते गठ्ठे आधी माळ्यावर हलवा, वाळवी एकदा लागली की पन्नास प्रती एका आठवड्यात जातात). तर बँकेत वेगळं खातं काढा, पुस्तकाचा प्रत्येक रुपया त्यातच, आणि एक वही, साधी, ज्यात तिला वाटेल तेव्हा बघता येईल.

हिशोब उघडा मांडून दाखवा. समजा किंमत २५० आणि एका प्रतीची छपाई ११० पडली. वितरकाला निम्म्याने दिलं तर हातात १२५, म्हणजे प्रतीमागे १५ रुपये, तेही तो कधी देईल तेव्हा. वाचनालयाला पंचवीस टक्के सूट दिली तर १८७ येतात, ७७ उरतात. थेट वाचकाला २० टक्के सूट देऊन पोस्टखर्च त्याच्याकडनं घेतला तर २०० मधले ९० उरतात, त्यातनं पॅकिंग आणि पोरीचे दहा. हे आकडे समोर ठेवले की दोन गोष्टी होतात, एकतर वितरकामागे पळणं थांबतं, आणि दुसरं म्हणजे घरच्यांना कळतं की हा माणूस लाखो कमवायला निघालेला नाही आणि घरही विकणार नाही. दुसरी आवृत्ती किंवा दुसरं पुस्तक फक्त या खात्यात जमलेल्या पैशातनं, हे तोंडाने कबूल करा. आमच्याकडे हा नियम झाल्यापासून मिस्टरांनी पुस्तकावरनं एकदाही काही म्हटलं नाही, आधी बरंच म्हणायचे.

खर्चातलं अजून एक, प्रमोशनची पॅकेजं विकणारे लोक फोन करतील, इतके हजार द्या, आयएसबीएन देतो, अमुक ठिकाणी झळकवतो. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडनं फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी मिळतो. आणि १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तक पाठवायचं असतं, ते अनेक नवीन लेखकांना माहीतच नसतं, चार प्रती काढून ठेवा.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, मराठी पुस्तक टाकता येतं आणि ते एकदा टाकलं की रोज बघायची गरज नाही, म्हणून घर सांभाळणाऱ्याला ते बरं. त्यांच्या केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत घातलं तर ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, प्रतिलिपीवर वगैरेसुद्धा नाही, छापील मात्र कुठेही विका. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी सिलेक्टमध्ये असलं तरच मिळते, नाहीतर ३५. आणि त्या ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, ते पाच दिवस फेब्रुवारीत २७ तारखेच्या आसपास लावून टाका. ई-बुकमधनं फार मिळेल अशी आशा धरू नका, बाहेरगावचे आणि परदेशातले मराठी वाचक मिळतात, एवढंच.

प्रकाशन समारंभ केला नसेल तर आता करू नका. हॉल, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा प्रवास, नाश्ता, आणि समोर बसलेले सगळे नातेवाईक ज्यांना प्रत फुकट द्यायची असते.

बिगरहंगामात काय करायचं असं तुम्ही विचाराल. शनिवारचं पार्सल आलं असेल तर ते, बाकी काही नाही. पोरांचा अभ्यास घ्या, मिसेससोबत संध्याकाळी सोमेश्वरला जाऊन या, आणि रात्री सगळे झोपल्यावर लिहायचं असेल तर दुसरी कादंबरी लिहा. माझी पहिली कादंबरी सगळ्यात जास्त खपली ती तिसरी आल्यावर, वाचनालयात तिसरी वाचलेल्या बायका आधीचं काही आहे का म्हणून विचारायला लागल्या. एकच पुस्तक असलेल्या लेखकाने वर्षभर त्याचाच ढोल वाजवत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

राहिला पुण्याचा स्टॉल. पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर होतो, गर्दी खरंच मोठी असते, पण तो नऊ दिवस चालतो. नऊ दिवस रजा, राहणं, जेवण, स्टॉलचं भाडं, आणि टेबलावर एकच पुस्तक. तेवढ्यात मिसेसनी दोन पोरं, शाळा, डबे एकटीने बघायचे. नको. तिथे स्टॉल घेणाऱ्या एखाद्या ओळखीच्या प्रकाशकाकडे किंवा तीन-चार लेखक मिळून घेत असतील त्यांच्याकडे तीस-चाळीस प्रती कमिशनवर ठेवायला द्या, किती प्रती दिल्या ते लिहून सही घ्या, आणि न विकलेल्या कोण परत आणणार ते आधीच ठरवा, तिथेच नंतर वाद होतात. एका रविवारी पहाटेच्या गाडीने चौघं जाऊन या, तुम्ही स्टॉलवर दोन तास बसा, तेवढ्यात पोरांना लहान मुलांच्या पुस्तकांकडे सोडा, मिसेसना त्यांच्या पसंतीचं एक पुस्तक घेऊन द्या, दुसऱ्या कोणाचंतरी. इथे नाशकात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर पुस्तकांचं प्रदर्शन लागलं तर मात्र स्वतः जाऊन बसा, सेकंड शिफ्ट नसेल त्या आठवड्यात, संध्याकाळी सहा ते आठ, आणि साडेआठला जेवायला घरी.